साथीच्या काळात वॉर्डमधील सहकाऱ्यांचे मन कसे जपावे

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून तणावमुक्तीचे व्याख्यान ठरते, आणि बारा तासांची ड्युटी आटोपून आलेल्या परिचारिकेला आणखी तासभर सभागृहात बसावे लागते. व्याख्यान वाईट नसते, पण सुरुवात तिथून करणे चुकीचे आहे. ज्याच्या हातात ड्युटीचा तक्ता असतो, त्याच्या हातात सहकाऱ्यांच्या मनःस्थितीची बरीचशी सूत्रे असतात. म्हणून पुढील सूचना इनचार्ज सिस्टर, युनिटप्रमुख आणि प्रशासक यांना उद्देशून आहेत.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी मनाशी पक्के करावे. कोविड साथीत २०२० च्या जानेवारीअखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीस चीनमधील ३४ रुग्णालयांत १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे निम्म्या जणांत नैराश्याची, ४५ टक्क्यांच्या आसपास लोकांत चिंतेची आणि एकतृतीयांश जणांत निद्रानाशाची लक्षणे आढळली. प्रश्नावलीत दिसणारी लक्षणे म्हणजे निदान नव्हे, हे खरे. तरीही एवढ्या प्रमाणात त्रास दिसत असेल तर ‘नाजूक मनाचे’ दोन-चार जण शोधून त्यांना समुपदेशकाकडे धाडणे पुरेसे नाही. व्यवस्था साऱ्या वॉर्डासाठी करावी लागते.

ती व्यवस्था तक्त्यापासून सुरू होते. पुढच्या आठवड्याची ड्युटी आधीच जाहीर करावी, दिवसपाळी आणि नाइट यांची उलटसुलट अदलाबदल टाळावी, अतिदक्षता विभागात काही दिवस काढलेल्या माणसाला मधून मधून कमी ताणाच्या जागी ठेवावे. विश्रांतीच्या बाबतीत कागद आणि वास्तव यांत सर्वाधिक अंतर असते. तक्त्यात ‘अर्धा तास विश्रांती’ लिहिलेले असते, पण त्या अर्ध्या तासात आपल्या रुग्णांकडे कोण पाहणार हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे कोणी जागचे हलत नाही. यासाठी विश्रांतीच्या वेळेसमोर बदली माणसाचे नाव लिहावे, आणि पहिली विश्रांती इनचार्जने स्वतः घ्यावी. ते पाहिल्याशिवाय कनिष्ठ मंडळी उठत नाहीत. पीपीई किटमध्ये पाणी पिता येत नाही आणि स्वच्छतागृहातही जाता येत नाही, त्यामुळे किट घालून सलग किती वेळ काम करायचे याची मर्यादा आधीच ठरवावी. मास्क, हातमोजे आणि किट यांचा साठा किती दिवस पुरेल हे रोज खरे सांगावे. तुटवडा लपवला की अफवा पसरतात, आणि घरच्यांना संसर्ग होईल ही भीती त्या अफवांवर पोसली जाते.

नाइट करणाऱ्यांना कॅफिनचा साधा हिशेब सांगावा: शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, तेव्हा शेवटचा चहा किंवा कॉफी रात्रीच्या पूर्वार्धातच घ्यावी. डोळ्यांवर झापड असताना कोणालाही स्वतः गाडी चालवत घरी जाऊ देऊ नये.

हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना, रुग्णांची माहिती देऊन झाली की पाच मिनिटे माणसांसाठी राखून ठेवावीत. ‘सगळं ठीक आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर येत नाही. त्याऐवजी ‘चौदा नंबरच्या रुग्णाच्या घरी मृत्यूचा निरोप कोणी दिला?’ असे विचारावे. कालही आणि आजही तो फोन एकाच परिचारिकेने केला आहे, हे त्यातून कळते. मग उद्याचा फोन दुसऱ्या कोणावर सोपवता येतो आणि तिला बाजूला बसवून नीट विचारपूस करता येते. नवख्या माणसाची अनुभवी सहकाऱ्याशी जोडी लावावी आणि ड्युटी संपताना दोघांनी एकमेकांची चौकशी करूनच निघावे, असा रिवाज पाडावा.

अवघड मृत्यूनंतर सर्वांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून घडलेला प्रसंग सविस्तर वदवून घेण्याची पद्धत मात्र टाळावी. अशा एकाच बैठकीमुळे पुढील आघातजन्य विकार टळत नाहीत आणि काहींचा त्रास वाढूही शकतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दिलेली मानसिक प्रथमोपचाराची त्रिसूत्री अधिक उपयोगी आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण गप्प झाले आहे किंवा कोणाचे हात थरथरत आहेत हे पाहावे. ज्याला बोलायचे आहे त्याचे मध्ये न बोलता ऐकावे. मग त्याला घर, सुट्टी किंवा तज्ज्ञ, ज्याची गरज असेल त्याच्याशी जोडून द्यावे. बोलणे ऐच्छिकच असावे.

थकव्याहून वेगळी एक वेदना असते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात नैतिक आघाताची, म्हणजे जे योग्य वाटते त्याच्या विरुद्ध घडल्याने किंवा करावे लागल्याने मनाला होणाऱ्या जखमेची, संकल्पना मांडली. एकच व्हेंटिलेटर शिल्लक असताना दोन रुग्णांपैकी एक निवडावा लागलेल्या डॉक्टरला हा आघात होतो, आणि तो सुट्टीने किंवा झोपेने भरून निघत नाही. म्हणून प्राधान्यक्रमाचे निकष लेखी असावेत आणि निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरऐवजी स्वतंत्र समितीने घ्यावा, म्हणजे त्याचा भार एकट्या माणसावर राहत नाही.

तज्ज्ञाकडे केव्हा पाठवावे, याच्या ढोबळ खुणा अशा: उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणे, प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणे महिनाभरानंतरही न थांबणे, झोपेसाठी मद्य किंवा वॉर्डातील गोळ्या घेणे. आत्महत्येचा विचार मनात आहे अशी शंका आली तर सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाची भेट घडवावी. औषधांचे कपाट आरोग्य कर्मचाऱ्याच्या हाताशी असते, म्हणून येथे दिरंगाई अधिक घातक ठरते. उपचारांची नोंद वरिष्ठांच्या फाइलमध्ये जाणार नाही ही हमी लेखी द्यावी. नोकरीवर गदा येईल या धास्तीने मदत टाळणारे डॉक्टर थोडे नाहीत.

या सगळ्यातून सफाई कर्मचारी, शवागारातील माणसे, रुग्णवाहिकेचे चालक आणि कंत्राटी कामगार हमखास निसटतात. तक्ते आणि जोड्या तयार करताना त्यांची नावे आधी लिहावीत.

लाट ओसरल्यावर काम संपत नाही. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत कॅनडातील टोरांटोमध्ये रुग्णसेवा केलेल्या कर्मचाऱ्यांची १३ ते २६ महिन्यांनंतर पाहणी झाली, तेव्हाही त्यांच्यात इतर रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांपेक्षा मानसिक थकवा आणि त्रास जास्त होता. त्यामुळे साचलेल्या रजा आधी मंजूर कराव्यात, आणि किमान दोन वर्षे ठरावीक अंतराने प्रत्येकाची विचारपूस करण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवावी. दरम्यान बदली झालेल्या किंवा नोकरी सोडून गेलेल्यांचे फोन क्रमांकही त्या यादीत ठेवावेत.