गेंड्याचे चार आणे आणि बिडाचा कुत्रा

माझा पहिला यांत्रिक गल्ला बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी अमेरिकेतून आणला. ट्रिक डॉग! कुत्र्याच्या तोंडात नाणं ठेवून खटका दाबला, की तो विदूषकाच्या हातातल्या कड्यातून उडी मारतो आणि नाणं पिंपात टाकतो. रंग उडालेला म्हणून मी तो मालवणातल्या गणपतीच्या शाळेत नेऊन चकचकीत रंगवून आणला. मामांनी पाहिलं नि काही न बोलता पान लावायला घेतलं. या वस्तूंची किंमत मूळ रंगाची असते, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा पहिलं काम, आहे तो रंग राखा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. पाणी, खोबरेल, पॉलिश पेपर, काही नको.

विकत घेताना गल्ला उलटा करा. हे गल्ले १८६९ पासून गाजले, अमेरिकेतल्या क्रॉमवेल गावच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीचा 'हॉल्स एक्सेलसियर' पहिल्यांतला. त्या काळचं ओतकाम बारीक रेतीतलं, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत आणि सांधे घट्ट. नक्कल हाताला खरखरीत लागते, सांध्यात फट दिसते. अस्सल गल्ल्यावरून साचा घेतला, की ओतलेलं बीड थंड होताना साधारण शंभरात एक भाग आकसतं; नऊ इंचांच्या बैठकीत दोनेक मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून खिशात पट्टी हवीच. तळाला स्टार स्क्रू दिसला तर घासाघीस करत बसू नका, तो स्क्रू १९३० नंतरचा. नारिंगी, सगळीकडे सारखा गंजही संशयास्पद. जुना गंज काळपट तपकिरी असतो.

आपल्याकडे खरा शत्रू खारा वारा. मृगापासून गणपतीपर्यंत माझे गल्ले झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे कधी वाळवायच्या ते दिसतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. बायको म्हणते, "आंबोळेचो तवो गंजलो तरी चलात, ह्यांचो कुत्रो सुको रवाक होयो!"

चालवून बघायला अमेरिकन सेंट नसेल तर गेंड्याचे जुने चार आणे घ्या, दोन्ही १९ मिलिमीटरचे. खटका अंगठ्याखाली धरून हळू सोडा. बीड ठिसूळ. तुकडा पडलाच तर वेल्डिंगवाल्याकडे धावू नका, आधी तो डबीत जपून ठेवा.