ठाण्याच्या खाडीत रोहित मोजायचे तर आधी तिथी पाहा

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला नोव्हेंबर ते मे कधीही जा, पण निघताना भरती-ओहोटीचा हिशेब करा. किनाऱ्यावरचा जुना नियम सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुद्ध असो वा वद्य. अर्धा तास इकडेतिकडे होतोच, शिवाय खाडीच्या आतल्या टोकाला पाणी उशिरा चढतं, म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही पाहून घ्या.

पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर दूर पांगतात, नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच उरत नाही; बरेच थवे नेरूळकडच्या पाणथळीवर जाऊन बसतात. कामाची वेळ मधली, चढतं पाणी थव्यांना काठाकडे ढकलतं तेव्हाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ती सकाळी साडेसात ते साडेनऊच्या सुमारास येते. अष्टमीची ओहोटी भर दुपारची. चिखलावरची हवा थरथरते आणि चोचीचा रंग कळत नाही.

ऐरोली पूर्व काठावर, म्हणून सकाळी ऊन पाठीशी. भांडुपचं पंपिंग स्टेशन पश्चिमेला, ते संध्याकाळी. ऐरोलीला मध्ये खारफुटी आहे, त्यामुळे बोटच हवी. तिची वेळ पाण्यावर ठरते, आधी विचारा. बोटीत 8×42 दुर्बीण पुरे. स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी दुर्बीण, काठावरच वापरावा.

लहान रोहित आणि मोठा रोहित या दोन वेगळ्या जाती. ओळख चोचीवरून करा, गुलाबीपणावरून नको. लहान रोहितची चोच गडद किरमिजी, लांबून काळीच भासते. मोठ्याची फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. पिल्लं दोन्हींची राखाडी-तपकिरी. तिथे शेजारच्या प्रौढ पक्ष्याशी उंची ताडून पाहा.

मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, ते दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा, मग पन्नास-पन्नासचे तुकडे पाडा. पाण्याच्या कडेला गर्दी दाट, मागे विरळ. एकच तुकडा सगळीकडे लावला की आकडा फसतो. माना चिखलात असतात, म्हणून धडं मोजा. थवा उजवीकडे सरकत असेल तर उजवीकडून डावीकडे मोजत या, नाहीतर तेच पक्षी दुसऱ्यांदा मोजले जातात. तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

सगळ्यांनी माना ताठ करून एकाच दिशेला चालायला सुरुवात केली, तर बोट फार जवळ गेली आहे. मागे घ्यायला सांगा. वहीत ठिकाण, सुरुवात-शेवटची वेळ, भरतीची वेळ आणि तीन रकाने ठेवा: लहान, मोठा, अनिश्चित. तिसरा रकाना रिकामा असलेल्या नोंदीवर आमचा फारसा विश्वास नाही.