बोअरचं पाणी आणि जळणारी कॉइल

दोन वर्षांत गिझरची कॉइल दोनदा जळाली. दुसऱ्या वेळी प्लंबरदादांनी ती बाहेर काढून माझ्या हातात दिली. वर क्षारांचं करंगळीएवढं जाड, पांढरं कवच! उष्णता पाण्यात जाईना, म्हणून कॉइल आतल्या आत तापून जळायची. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा रॉडही झिजून नुसती तार उरली होती. तो दरवर्षी बघायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

रॉड बदलला, थर्मोस्टॅट 75 वरून 55 वर आणला. पाणी जास्त तापलं की क्षारही जास्त बसतात.

पण चौघांच्या अंघोळीचं 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायला 3 युनिट लागतातच. गॅस गिझर स्वस्त पडला असता, पण आमच्या बाथरूमला खिडकी नाही; कार्बन मोनॉक्साइडचा धोका मला नकोच होता. शेवटी गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सोलर बसवला. दुसऱ्या प्रकारच्या सोलरमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्याने चोंदतात, काचेच्या काढून धुता येतात. खाली येणाऱ्या पाइपला फोमचं वेष्टण मात्र आठवणीने घाला. आता गिझर फक्त ढगाळ दिवशी लावतो.