पोकेमॉनमधली लपलेली गोष्ट कशी वाचायची

पोकेमॉन हा व्हिडिओ गेम खेळताना आपण सगळे काय करतो, तर ए बटण धडाधड दाबत डायलॉग उडवतो आणि पुढच्या जिमकडे, म्हणजे पुढच्या मोठ्या लढतीकडे पळतो. मीपण पहिल्यांदा असाच संपवला होता आणि अर्धी गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसलीच नाही. तर आता कसं खेळायचं ते सांगतो. पोकेमॉनच्या रेड, ब्लू किंवा फायररेड या गेमपैकी एक घ्या, त्यातला काँटो हा प्रदेश त्यासाठी एकदम बेस्ट आहे.

सगळ्यात आधी वस्तूंपुढे उभं राहून ए दाबायची सवय लावा. कपाट, फोटो, टेबलावरचा कागद, काहीही सोडू नका. सिनाबार बेटावर एक पडका वाडा आहे, त्यात डायरीची पानं विखुरलेली आहेत. ५ जुलैला दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात नवा पोकेमॉन सापडला, १० जुलैला त्याचं नाव म्यू ठेवलं, ६ फेब्रुवारीला म्यूला पिल्लू झालं ते म्यूटू, आणि १ सप्टेंबरला लिहिलंय की हा फारच ताकदवान आहे, आमच्याच्याने आवरत नाही. बस, पुढे काय झालं ते वाड्याची अवस्था बघून आपणच समजायचं. आता त्याच बेटावरच्या लॅबमध्ये जा, तिथे संस्थापक डॉ. फुजींचा फोटो आहे. आणि लॅव्हेंडर गावात अनाथ पोकेमॉन सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव काय, तर फुजी! दोघं एकच का, हे रेड-ब्लू कुठेच सांगत नाही.

मग त्याच जागी परत जायचं, आणि शक्यतो पुढच्या गेममध्ये. गोल्ड-सिल्व्हरची गोष्ट ३ वर्षांनंतरची आहे. सिनाबार ज्वालामुखीत गेलेलं असतं, लॅव्हेंडरच्या स्मशान-टॉवरचं रेडिओ स्टेशन झालेलं असतं. व्हर्मिलियनमधले ते काका आठवतात? माचोप नावाच्या पोकेमॉनकडून जमीन धोपटून घेत होते, बिल्डिंग बांधायची म्हणून. ३ वर्षांनी माचोप अजून धोपटतोच आहे आणि काका म्हणतात पैसेच नाहीत :) आपल्याकडच्या रखडलेल्या साइटी आठवल्या मला तर.

वही ठेवा जवळ, पण त्यात दोन रकाने करा, एकात गेम स्वतः काय दाखवतो ते आणि दुसऱ्यात लोकांचे तर्क. नाहीतर घोळ होतो. उदाहरणार्थ ती फेमस थिअरी, की जहाजावरच्या फाइटमध्ये रायव्हलकडे, म्हणजे गेममधल्या आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे, रॅटिकेट नावाचा पोकेमॉन होता, नंतर लॅव्हेंडरच्या टॉवरमधल्या फाइटमध्ये नाही, म्हणजे तो मेला आणि रायव्हल त्याला पुरायला आला. रॅटिकेट नसतो हे खरं, ते पहिल्या रकान्यात. पण फाइट संपल्यावर रायव्हल स्वतः काय म्हणतो ते नीट वाचा ना. म्हणतो, आत्ताच एक क्यूबोन पकडला, मोठा मॅरोवॅक काही सापडत नाही, उरला असेल असं वाटत नाही. (क्यूबोन हा पोकेमॉन मोठा झाला की मॅरोवॅक होतो.) म्हणजे तो तिथे शोधायला आलेला आहे. थिअरी माझ्या मते तिथेच ढेपाळते.

पण थांबा, ते वाक्य वहीत लिहून ठेवा. नंतर सिल्फ स्कोप, म्हणजे भूत ओळखायचं यंत्र, मिळाला की त्याच टॉवरमध्ये वर चढा. जिन्याशी वाट अडवणारं ते भूत आता ओळखू येतं. टीम रॉकेट या गुन्हेगारांच्या टोळीने मारलेली क्यूबोनची आई आहे ती, मॅरोवॅक.