मराठवाड्यात घर घेण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात

मराठवाड्यात घर घेताना पहिली तपासणी पायाची करावी, कारण येथील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घातलेल्या घराच्या भिंतींना दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा पडतात. म्हणून विक्रेत्याने नुकताच गिलावा किंवा रंग दिला असेल, तर त्याखाली चिरा लपलेल्या असू शकतात हे धरून सौदा ठरवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवावे आणि पाया काळ्या मातीखालच्या कठीण मुरुमापर्यंत नेला आहे का, हे नकाशावरून व गरज पडल्यास खड्डा घेऊन पाहण्यास सांगावे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यामुळे जुना वाडा घेणाऱ्याने भिंतींचा आतला व बाहेरचा दगडी थर एकमेकांना बांधलेला आहे का आणि तुळयांना वाळवी लागली आहे का, याची तपासणी मुळीच टाळू नये. काँक्रीटच्या घरात रिबाउंड हॅमर चाचणीने (पृष्ठभागावर उपकरणाचा दट्ट्या आपटून त्याच्या उसळीवरून) काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज येतो.

बोअरवेल असेल तर तिचे पाणी मे महिन्यात किती टिकते, हे शेजाऱ्यांना विचारावे आणि प्रयोगशाळेत फ्लोराइड व नायट्रेट तपासून घ्यावे; पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. वायरिंग व अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे.

कागदपत्रांसाठी वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल (मालकी व बोजांच्या नोंदींचा अहवाल) घ्यावा, त्यात अकृषिक (शेतीखेरीज वापराची) परवानगी आहे का आणि जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे का, हे स्पष्ट लिहून मागावे, आणि तो हाती येईपर्यंत विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देऊ नये.