वळवाआधी स्लायडिंग खिडकी तपासा

एप्रिल-मेच्या वळवात खानापूर-बेळगाव पट्ट्यात काच फुटण्याआधी बऱ्याचदा अख्खं शटरच (खिडकीचा सरकता काचेचा पल्ला) रुळावरून उतरतं.

१. शटर बंद करून दोन्ही हातांनी वर उचला. खालची चाकं रूळ सोडत असतील तर वाऱ्यातही सोडणार. शटरच्या खालच्या कडेला भोकात स्क्रू असतो. तो फिरवून चाक खाली सरकवा, म्हणजे शटर वर चढून वरच्या चॅनेलमध्ये खोल बसतं. तरीही हलतंय? बंद शटरच्या वर चॅनेलमध्ये नायलॉनचा तुकडा स्क्रूने बसवा.

२. काचेभोवतीचं रबर उन्हाने आखडतं, कोपऱ्यात फट पडते, काच खडखडते. नवं रबर ताणून बसवू नका, थोडं जास्त ठेवून दाबत बसवा. ताणलेलं पुन्हा आखडतं.

३. खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं तारेने साफ करा. सिलिकॉन लावताना तीच बुजवतात!

वादळात वाऱ्याच्या बाजूची एकही खिडकी उघडी नको. आत शिरलेला वारा पत्रे उचलतो आणि दुसऱ्या बाजूच्या काचा बाहेर ढकलतो. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून ती मजबूत होत नाही. तडा गेलेली काच बदलाच. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच घेणार असाल तर माप आधी पक्कं करा, नंतर ती कापता येत नाही.