पहिली माशांची टाकी घेताय? या चुका टाळा

कुर्ल्याचा रंगीत माशांचा बाजार असो, क्रॉफर्ड मार्केटजवळची दुकानं असोत की तालुक्याच्या गावातलं एकच एक ‘ॲक्वेरियम’, पहिल्यांदा टाकी घ्यायला आलेलं कुटुंब साधारण सारखीच खरेदी करून बाहेर पडतं. एक फुटी टाकी, निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकचं झाड, हवेचा पंप, खाद्याची डबी आणि मुलांनी बोट दाखवलेले आठ-दहा मासे. घरी आल्यावर तासाभरात टाकी भरते आणि मासे पाण्यात सुटतात. चौथ्या-पाचव्या दिवशी एक मासा उलटा तरंगताना दिसतो, आठवडा संपेपर्यंत अर्धे गेलेले असतात. मग ‘आपल्याला मासे लाभत नाहीत’ म्हणत टाकी माळ्यावर जाते.

लाभण्या-न लाभण्याचा इथे काही संबंध नाही. ते मासे स्वतःच पाण्यात सोडलेल्या अमोनियाने मेलेले असतात आणि हे पूर्णपणे टाळता येतं. त्यामुळे या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: टाकी आणि मासे एकाच दिवशी घेऊ नका. मध्ये महिना जाऊ द्या.

महिनाभर टाकीत नेमकं काय होतं?

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरतो. तुमच्या टाकीतल्या थोड्याशा पाण्यात तो साचत जातो आणि माशाचे कल्ले भाजून काढतो. पाणी दिसायला मात्र स्वच्छच राहतं, म्हणूनच घरच्यांना काही कळत नाही.

यावर निसर्गाने उपाय ठेवला आहे. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट थोड्या प्रमाणात माशांना सोसतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर त्यांचा थर बसतो. नव्या कोऱ्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

करायचं असं. टाकी भरा, फिल्टर लावा, तो चोवीस तास चालू ठेवा. मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जीवाणूंना अन्न मिळेल. ओळखीत कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून घ्या आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये बसवा. विरजणासारखं काम करतो तो. महिन्याचं काम कधी कधी दोन आठवड्यांत होतं.

टाकी तयार झाली हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यासाठी अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजायचा टेस्ट किट घ्या. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, काही मिनिटांनी रंग तक्त्याशी ताडायचा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरत असताना नायट्राइट चढतं. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं की मासे आणायचे, तेही आधी तीन-चारच. सजावटीचे खडे आणि बुडबुडे सोडणारा पेटारा यांवर जो पैसा जातो, तो या किटवर घाला असं मी आग्रहाने सांगेन.

‘नवशिक्यांसाठी लहान टाकी’ हा सल्ला

हा उलटा सल्ला आहे. पाणी जितकं कमी, तितकी चूक लवकर भोवते. एक फुटी टाकीत जेमतेम दहा-बारा लिटर पाणी मावतं. त्यात एक मेलेला मासा दिवसभर राहिला किंवा मुलाने डबी उपडी केली, तर सावरायला वेळच मिळत नाही. सुरुवात करायची तर २ फूट × १ फूट × १ फूट या मापाची टाकी घ्या. तिच्यात छप्पन्न लिटर मावतात. खडे आणि वरची मोकळी जागा वगळली तरी पंचेचाळीस-पन्नास लिटर पाणी राहतं.

काचेचा गोल बाऊल तर घेऊच नका. तोंड अरुंद असल्याने हवेशी संपर्क कमी, फिल्टर बसत नाही, आणि त्यात हमखास गोल्डफिश ठेवला जातो. साधा गोल्डफिश वीस सेंटीमीटरच्या पुढे वाढतो, नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. बाऊलमध्ये तो ‘लहानच राहिला’ असं लोक कौतुकाने सांगतात. तो खुरटलेला असतो.

इथेच वास्तूचा विषय निघतो. आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायचा म्हणून अनेक जण टाकी घेतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर ठेवावेत, पण नऊ गोल्डफिश म्हणजे चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, साडेचारशे लिटरची टाकी आणि दमदार फिल्टर. दोन फुटी टाकीत ते नऊ मासे दर महिन्याला मरतात आणि दर महिन्याला नवे येतात. घरात भरभराट यावी म्हणून आणलेले जीव असे गुदमरू देणं मला फार वाईट वाटतं.

टाकी कुठे ठेवली?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन फुटी टाकी पाणी, खडे आणि काच धरून सत्तरेक किलोची होते. टीव्हीखालचं पार्टिकल बोर्डाचं कपाट हे वजन सोसत नाही. त्यातून पाणी सांडून बोर्ड फुगला की एक कोपरा खचतो आणि काचेचा सांधा उकलतो. लोखंडी किंवा भक्कम लाकडी स्टँड घ्या, टाकीखाली थर्माकोलची शीट अंथरा. अर्धी टाकी भरून पाण्याची पातळी दोन्ही टोकांना सारखी आहे का, हे पट्टीने मोजा. खिडकीचं थेट ऊन नको, नाहीतर पंधरा दिवसांत पाणी हिरवं होतं.

मासे निवडताना

दुकानात बोटभर लांबीचा, चंदेरी, चपळ ‘शार्क’ मिळतो. तो शार्क नाही, तो पंगासिअस. हॉटेलांत बासा म्हणून ज्याचे काटे नसलेले तुकडे वाढले जातात, तोच. पूर्ण वाढला तर एक मीटरच्या वर जातो. दोन फुटी टाकीत तो घाबरून काचेवर नाक आपटत राहतो. ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फिशही हातभर होतो, आणि साफ करण्यापेक्षा घाण जास्त करतो. ऑस्कर, सिल्व्हर अरोवाना यांचंही तसंच. मासा घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: हा मोठा होऊन केवढा होतो?

अंगावर गुलाबी, जांभळे, पोपटी पट्टे असलेले ग्लास फिश किंवा विडो टेट्रा दिसले तर घेऊ नका. ते रंग बऱ्याचदा सुईने टोचलेले किंवा रंगात बुडवून चढवलेले असतात. ग्लास फिश हा आपल्याच देशातला मासा. मुळात काचेसारखा पारदर्शक, पाठीचा कणा बाहेरून दिसतो इतका सुंदर. त्याला रंग लागत नाही.

पहिल्या टाकीला गप्पी, प्लॅटी, मॉली, झेब्रा डॅनिओ हे चांगले. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात गप्पी-मॉली खूश असतात. निऑन टेट्राला मऊ पाणी आणि मुरलेली टाकी लागते, तो नंतर. झेब्रा डॅनिओ सहाच्या आत ठेवू नका, थव्याने राहणारा मासा आहे. गप्पी घेतले तर सगळे नर घ्या; मादी आणलीत की साधारण महिन्याला पिल्लं होतात आणि टाकी बघता बघता भरते. फायटर एकटा ठेवायचा. तो हवेतला श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानात काचेच्या ग्लासात ठेवतात, पण घरी त्याला निदान वीस लिटर पाणी हवं.

पिशवी घरी आणल्यावर पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

रविवारची धुलाई

आपल्याकडे सगळ्यात जास्त मासे रविवारी मरतात असं मला वाटतं. मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतायचं, खडे घासायचे, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायचा, ताजं पाणी भरून मासे परत. मेहनत खरी असते, हेतूही चांगला. पण महिनाभर वाढवलेले जीवाणू त्या एका दुपारी क्लोरीनच्या पाण्यात मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

त्याऐवजी आठवड्याला वीस-पंचवीस टक्केच पाणी बदला. खड्यांत नळी फिरवून घाण ओढून घ्या, काढलेल्या त्याच पाण्याच्या बादलीत स्पंज दोन-तीनदा हलका दाबा. तो तपकिरीच राहणार, राहू द्या. नवं पाणी भरताना नळाचं पाणी थेट घालू नका. क्लोरीन उडायला ते उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाका. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा थेंबांवरच भरवसा ठेवा.

आणखी एक सवय मोडायला हवी: रात्री वीज वाचवायला फिल्टर बंद करणं. आठ वॉटचा फिल्टर महिनाभर अखंड चालला तरी सहा युनिटच्या आत वीज खातो. तो बंद ठेवला तर स्पंजमधले जीवाणू प्राणवायूवाचून मरतात.

खाद्याबद्दल थोडक्यात: माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं समजा. दोन मिनिटांत संपेल तेवढंच, दिवसातून एकदा-दोनदा. घरात खाद्य टाकणारा माणूस एकच असू द्या, नाहीतर आजोबा, आई आणि मुलगी तिघंही प्रेमाने भरवतात.

काहीतरी बिघडलंय, आता काय?

दुसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका. नव्या टाकीत जीवाणूंची संख्या एकदम वाढल्याने असं होतं. पाणी बदलून ते पुन्हा पुन्हा येतं. आठवडाभर सोडून द्या, आपोआप निवळतं. हिरवं पाणी मात्र उजेडामुळे असतं. दिवा दिवसाला सहा-सात तासांवर आणा.

मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर वाट पाहू नका. अमोनिया तपासा, आणि किट नसेल तर तसंच, क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने तिसरा हिस्सा पाणी बदला, खाद्य दोन दिवस थांबवा. मे महिन्यात कारण वेगळंही असू शकतं: पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. विदर्भ-मराठवाड्यात दुपारी टाकीवर टेबल फॅनचा झोत सोडला तर तापमान दोन-तीन अंश उतरतं. झाकण काढा आणि उडलेलं पाणी भरत राहा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, मासा खड्यांना अंग घासतोय, तर तो इक हा परजीवी. हीटरने तापमान एका दिवसात एक-दोन अंश असं हळूहळू तीसपर्यंत न्या, हवेचा पंप वाढवा, औषध सुरू करा. ठिपके गेले म्हणून लगेच थांबायचं नाही. औषध लागू पडतं ते परजीवी अंगावरून सुटून पाण्यात पोहत असताना, म्हणून दहा-बारा दिवस उपचार चालू ठेवावा लागतो. निळं मेथिलिन ब्ल्यू मुख्य टाकीत ओतू नका, फिल्टरमधले जीवाणूही त्याने मरतात.

लोडशेडिंग असलेल्या भागात दोन गोष्टी आधीच करा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात ठेवा. हीटर वापरत असाल तर पाणी बदलताना आधी त्याचा प्लग काढा. उघड्यावर तापला की काच तडकते.

आणि मासे नकोसे झाले तर

बदली होते, टाकी फुटते, मासा फार मोठा होतो. अशा वेळी त्याला नदीत, विहिरीत किंवा तळ्यात ‘मोकळं’ सोडायचा विचार मनात येतो. तो करू नका. आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर अडकतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटते आणि तो बाजारात कुणी घेत नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा टाक्यांसाठी आपल्याकडे आला आणि आता नदीतल्या माशांची अंडी फस्त करतो. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या. बरेच दुकानदार फुकट दिला तर ठेवून घेतात. शहरांत मासे पाळणाऱ्यांचे व्हॉट्सॲप गट असतात, तिथे ‘मोठी टाकी असलेल्यालाच द्यायचा आहे’ असं स्पष्ट लिहून विचारा.